आवाजाच्या बटणावरची पट्टी

पुण्याहून मुन्नाचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. मुन्ना माझा धाकटा भाऊ. डोक्यावरचे केस गेले, नाव मात्र मुन्नाच राहिलं. "ताई, वैशाली नगरात एकानं पुराने कॉम्प्युटर आन् व्हिडिओ गेमचं म्युझियम काढलं हाये. मोबाइलवर फोटो पाह्यला मी. आपला गेमचा डब्बा हाये तिथं, एकदम थोच! तू जाय आन् आईले पण घेऊन जाय." स्वतः यायचं नाव नाही. पुण्यात बसून हुकूम सोडायचे आणि ताईनं मोहन नगरातून ऑटो करायचा, ही त्याची लहानपणापासूनची पद्धत. आई माझ्याकडेच असते. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "म्युझियममंदी मेलेले राजे अस्तेत ना? गेम कायले ठेवतीन कोणी?" पण लुगडं मात्र तिनं इस्त्रीचं काढलं.

म्युझियम म्हणजे एका दुमजली घराचा वरचा मजला. खाली मालकांचं बिऱ्हाड, त्यांच्या फोडणीचा वास जिन्यातून आमच्याबरोबरच वर चढला. दारात चपला काढायची पाटी होती. आईनं चपला काढल्या आणि मला विचारलं, "हे काय विहार हाय का?" मी शाळेत पंचवीस वर्षं शिकवलं. आमच्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्याही खोलीबाहेर जोडे काढायचे, आणि खोलीला एसी लावलेला, मुख्याध्यापकांच्या खोलीला पंखा. म्हणून मला त्या पाटीचं नवल वाटलं नाही. म्युझियम चालवणारा शुभम पंचविशीतला मुलगा. पावर हाउस बाजारातल्या भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या कोचिंग क्लासांतून ही यंत्रं वेचून आणतो आणि दुरुस्त करतो. इथं छत्तीसगढात आमचं मराठी बोलणं ऐकून तो खुलला. "मैं भी मराठी हूँ आंटी! बसा ना... मतलब, पहले आराम से देख लीजिए." दोन शब्दांत त्याची मराठी संपली, पण ते दोन शब्द त्यानं फार मायेनं काढले होते.

हिरव्या अक्षरांचे पडदे होते, फुलाफुलांचे झबले घातलेले कीबोर्ड होते, कर्र कर्र करत छापणारा प्रिंटर होता. आई प्रत्येकापुढे उभी राहून चौकशी करी. पापडाएवढी फ्लॉपी पाहून तिनं विचारलं, "यात काय मावे?" शुभम म्हणाला, "आंटी, आज का एक फोटो भी नहीं आएगा." "मंग ठेवली कावून?" तो हसला आणि आम्हाला शेवटच्या खोलीत घेऊन गेला. तिथं एका टेबलावर जुना पोटफुगा टीव्ही होता, आणि त्याच्यापुढे, दोन तारांना दोन रिमोट बांधलेला, आमचा डबडा. आमचा म्हणजे अगदी आमचा नव्हे, पण त्याचा सख्खा भाऊ. आई वाकली. डबड्याकडे तिनं पाहिलंच नाही, टीव्हीच्या आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पट्टी नाई हाये."

ती पट्टी काय, ते सांगायचं तर मला आमच्या क्वार्टरमध्ये परत जावं लागेल.

बाबा इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये खलासी होते. मिलच्या शेडमध्ये खाली उभं राहायचं आणि वर क्रेनमध्ये बसलेल्याला हातानं खुणा करायच्या, हे त्यांचं काम. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक सेकंड, एक नाईट. नाईटचा आठवडा आला की आमचं घर मुकं व्हायचं. बाबा सकाळी साडेसहाला सायकल टेकवत, रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि हिरवी मिरची खात (ही बासी त्यांना क्रेनवाल्या साहूकाकांनी शिकवली होती, आणि आई त्यावरून त्यांना "झाले आमचे हे छत्तीसगढिया" म्हणून चिडवी) आणि मधल्या खोलीत पडदा ओढून झोपत. त्यानंतर दुपारी तीनपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. त्या आठवड्यात कुकर लागत नसे, कारण शिट्टी होते. डाळ गंजात, म्हणजे उघड्या पातेल्यात, शिजे. पाटा-वरवंटा बंद, म्हणून चटणी आदल्या आठवड्यातली. फोडणी मागच्या अंगणात स्टोव्ह नेऊन घालायची. भाजीवाली दारात आली की आई धावत जाऊन तिच्या तोंडापुढे हात धरायची. ती भाजीवालीही इतकी सरावली की आमच्या दाराशी आली की आपोआप गप्प व्हायची आणि पुढच्या दाराशी दुप्पट ओरडायची.

बोलायचं नाही म्हणजे काही सांगायचंच नाही असं नव्हे. बाबांच्या मिलमधल्या खुणा आम्ही घरात आणल्या होत्या. बोट वर करून गोल फिरवलं की क्रेनवाला माल वर उचलतो. आमच्याकडे त्याचा अर्थ "आणखी वाढ". तळवा जमिनीकडे करून हलवला की खाली, म्हणजे "बस खाली, किती उड्या मारतो". मूठ आवळली की थांब. मुन्नाला दिवसातून शंभर वेळा मूठ दिसे. बाबा उठल्यावरही सवय जात नसे, जेवताना आम्ही चौघं इतक्या झरझर खुणा करायचो की एकदा मोहन नगरचे मामा आले आणि ताटावर बसून घाबरे झाले. "तुमच्या घरी कोणाचं काई झालं काय?" त्यांनी आईला कानात विचारलं.

याच मामांनी मुन्ना सहावीत पहिला आला तेव्हा तो टीव्ही गेम आणला. पावर हाउसच्या दुकानातून, लाल-पांढरा डबडा, वर पिवळी कॅसेट खोचायची. एक छोटासा टँक विटांच्या भिंती फोडत फिरे, एवढाच खेळ, पण आम्ही त्याच्यासाठी जेवण विसरलो. आला तो नेमका नाईटच्या आठवड्यात. आईनं टीव्हीच्या आवाजाचं बटण उलटं फिरवून शून्यावर आणलं आणि त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी आडवी-उभी लावून टाकली. बरं, आठवडा बदलला तरी तिनं पट्टी काढली नाही. "पुन्हा लावा, पुन्हा काढा, कोण करत बसतं?" त्यामुळे आम्हाला बातम्यासुद्धा ओठांवरून ओळखाव्या लागायच्या. आम्ही गेम खेळायचो आणि आवाज तोंडानं काढायचो, तोही ओठांच्या आतल्या आत. मुन्नाचा टँक फुटला की तो गाल फुगवून नुसता वारा सोडे. त्या खेळाला मागे गाणं आहे असं वर्गातली पोरं सांगत. ते गाणं कसं असेल यावर आमचे खुणांनी वाद होत. माझ्या मनात ते बँड पथकासारखं मोठं, रुबाबदार होतं.

या मुकेपणाचा सगळ्यांत जास्त त्रास कोणाला झाला असेल तर आईला. तिला गाण्याचं वेड. विहारातल्या बायकांमध्ये पहिला आवाज तिचा. चौदा एप्रिलच्या आधी महिनाभर तिच्याकडून चाली शिकायला बायका येत. पोळ्या लाटताना, कपडे पिळताना ती गायची, आणि गाणं थांबलं की आम्हाला कळे, काहीतरी करपलं. नाईटच्या आठवड्यात ती ओठ मिटून काम करी. नुसती मान हलायची, तालावर. ते पाहून मला हसू यायचं. आता लिहिताना येत नाही.

मी अकरावीत असतानाची दुपार. नाईटचा आठवडा. मुन्ना टीव्हीपुढे गाल फुगवत होता, आई मागच्या अंगणात कांदा परतत होती, आणि मी डाळीचा गंज ओट्यावरून उचलला. पदर नव्हता, ओढणीनं धरला, ओढणी सरकली. तो पितळी गंज सिमेंटच्या जमिनीवर असा पडला की तिथून उडून बादलीवर आदळला, बादली मोरीतल्या घागरीवर गेली. शेजारच्या वर्माकाकू, ज्यांचे यजमान बाबांच्याच मिलच्या टाइम ऑफिसात होते, भिंतीपलीकडून ओरडल्या, "क्या हुआ भाभी? भूकंप?" मुन्ना रिमोट टाकून दारामागे लपला. आई अंगणात झाऱ्यासकट उभी. आम्ही तिघंही बाबांच्या आरोळीची वाट पाहत होतो. आरोळी आली नाही. मी पडदा बाजूला केला.

बाबा झोपलेले नव्हते. ते खाटेवर उशीला टेकून, चष्मा लावून, शांतपणे पेपर वाचत होते. मी पडद्यात उभी असताना त्यांनी पान उलटलं. मग पडद्याची सावली पेपरवर पडली म्हणून त्यांनी वर पाहिलं, माझ्या पायावरची डाळ पाहिली, आणि घाईघाईनं चष्मा काढून, डोळे मिटून, घोरायला लागले. माझ्या बाबांनी आयुष्यात केलेला हा सगळ्यांत वाईट अभिनय.

मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी एक डोळा उघडला. मी कानाकडे बोट केलं. बाबा उठून बसले, पडद्याकडे पाहिलं, आणि कुजबुजत मला सांगू लागले. लहानपणी कान वाहायचे. डावा तेव्हाच गेला, उजवाही हळूहळू जाऊन राहिला. दर वर्षी प्लांटच्या मेडिकल तपासणीत मशीन कानाला लावतात, आवाज आला की हात वर करायचा. बाबा समोरच्याच्या बोटाकडे पाहून हात वर करतात, बटण दाबलं की हात वर. जन्मभर खुणाच पाहिलेल्या, डोळा चुकत नाही. "पकडलं तं शेडमधून काढतीन बेबी, मले पंख्याखाली बसवून फाइली उचलाले लावतीन. साहूले सब मालूम हाये, थो वरून लक्ष ठेवते. तू तुह्या आईले सांगू नको. थे जीव टाकन काळजीनं. सांगशीन नाई ना?" मी मान हलवली. बाबांना वाटत होतं, ते कुजबुजतायत. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याची कुजबुज केवढी असते हे त्यांना कसं कळणार? मी घाबरून दोन्ही हातांनी 'खाली, खाली' करत राहिले. तेवढ्यात स्वयंपाकघरात आईनं भांडी आपटायला सुरुवात केली. ताटं, वाट्या, झारा, जे हाताला येईल ते. नाईटच्या आठवड्यात तिनं असं कधी केलं नव्हतं. मला वाटलं, डाळ गेली म्हणून चिडली.

वचन मी पाळलं. सोपं नव्हतं. तोवर आईच्या मिटलेल्या ओठांत मला काही दिसत नव्हतं. आता तेच दिसायला लागलं. मी एक शब्द बोलले असते तर तिला गाता आलं असतं, कुकर लावता आला असता. पण तो शब्द तिच्या कानी पडला असता तर बाबांची शेड गेली असती, असं मला वाटे. कारण आईच्या पोटात काही राहत नाही, अशी आमच्या घरात सगळ्यांची पक्की समजूत होती. मी लग्न होऊन जाईपर्यंत दर तिसरा आठवडा असाच गेला, आणि त्यात मीही मुन्नाला मुठी दाखवत राहिले. पुढे एका मेडिकलमध्ये बाबा सापडलेच. तपासणाऱ्यानं बहुतेक हात टेबलाखाली ठेवला. त्यांना स्टोअरमध्ये दिलं. घरी त्यांनी सांगितलं, गुडघ्यांमुळे. आई रोज संध्याकाळी त्या ठणठणीत गुडघ्यांना मोहरीचं तेल चोळी आणि बाबा मधूनमधून "आई गं" म्हणत. स्टोअरमध्ये ते इतके रमले की नटबोल्ट मागायला येणाऱ्यालाही खुणेनं मागायला लावत. ते गेले त्याला आता आठ वर्षं झाली. वचन मात्र माझ्याकडेच राहिलं होतं.

"चालू करूँ आंटी?" शुभमनं विचारलं आणि कॅसेट खोचली. पडद्यावर तोच टँक, त्याच विटा. आणि आवाज आला. मी आयुष्यात पहिल्यांदा तो ऐकला. बँड नाही, काही नाही; जत्रेतल्या पिपाणीसारखं टीं टीं टुरूटुरू, आणि संपलंसुद्धा. एवढ्यासाठी आम्ही भांडलो! मला हसू फुटलं. आईचा हात मात्र झटकन बटणाकडे गेला आणि तिनं आवाज बंद केला. इतक्या वर्षांनी, न पाहता, उलट्या दिशेनं, बरोबर शून्यावर. मग तिचं तिलाच लक्षात आलं आणि ती हात पदरात घेऊन उभी राहिली.

तो हात पाहून मला राहवलं नाही. भर म्युझियममध्ये, त्या परक्या मुलासमोर, मी बोलून गेले. "आई, बाबाले ऐकूच येत नव्हतं. मले मालूम होतं. गंज पडला त्या दिवसापासून. मी तुले सांगतलं नाई. तू उगाच चूप राह्यली, माह्यामुळं."

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं, जसं ती जास्त मीठ पडलेल्या भाजीकडे पाही. "मंग? मले मालूम नव्हतं का?"

"तुले मालूम होतं?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात समजलं. मी मागून हाका मारू मारू थकली, आन् हे मजेत झाडाले पाणी देऊन राह्यले." तिनं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. "तुम्ही पोट्टे दिवसभर बोंबलले असते, कुकर वाजला असता, मी गायली असती, आन् हे अंदर ढाराढूर. वर्मीनीले दोन दिवसांत समजलं असतं. इतल्या गोंधळात हा माणूस झोपते कसा? तिनं घरवाल्याले सांगतलं असतं, त्यानं हापिसात. म्हणून सगळ्याइचे तोंड बंद केले. मी पण केलं."

म्हणजे पट्टी झोपेसाठी नव्हतीच. आठवडा बदलला तरी ती का निघाली नाही, तेही आता कळलं. बाबा घरात असताना टीव्ही कितीही मोठा लागला असता आणि त्यांना तो ऐकू आला नसता, तर आम्हीच आधी ओळखलं असतं. आणि ती भांडी. "गंज पडला त्या दिवशी तू भांडे आपटले..."

"मंग काय करू? त्यायची थे कुजबुज! पार वर्मीनीच्या चुलीपर्यंत जाऊन राह्यली होती."

"पण मले कावून नाई सांगतलं तू? इतके वर्षं?"

"त्यायनंच म्हणतलं होतं ना," आई म्हणाली, "बेबीले सांगू नको, थे जीव टाकन काळजीनं." मग तिनं स्वतःच्याच गुडघ्यावर तळवा फिरवला. "गुडघ्याले तेल लावे मी, तं आई गं म्हणत. मी म्हणे, अजून जोरात म्हणा, मले ऐकू नाई आलं." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. मी तिच्याजवळ खाली फरशीवरच बसले. दोघींना एकच वाक्य सांगून, दोघींना एकमेकींपासून सांभाळायला लावून, तो माणूस मधल्या खोलीत आरामात पेपर वाचत होता. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी आठवण आली.

शुभमला आमची मराठी कितपत कळली कोण जाणे, पण त्यानं पाणी आणून दिलं आणि टीव्हीकडे पाहत उभा राहिला. पडद्यावर टँक आवाज न करता विटा फोडत होता, अगदी आमच्या घरी फोडायचा तसा. पाणी पिऊन झाल्यावर आईनं ग्लास बाजूला ठेवला, शुभमकडे पाहिलं, उजवा हात उचलला आणि बोट वर करून गोल फिरवलं.

"आंटी, ऊपर कुछ नहीं है," शुभम घाईनं म्हणाला, "ऊपर तो छत है."

मी उठले आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. ती बावळट पिपाणी साऱ्या मजल्यावर वाजू लागली. खालून मालकीणबाई ओरडल्या, "शुभम, क्या हो रहा है?" आणि आईनं, हात तसाच वर ठेवून, बोट आणखी एकदा गोल फिरवलं.